अंगातला जीव आणि कागदावरचा आकडा

गेल्या दिवाळीत पुण्याची माझी ताई मुलाला घेऊन आमच्याकडे आली. बरोबर मुलाचे कॉलेजातले तीन मित्रही होते. त्यांना अजिंठ्याची लेणी पाहायची होती. फर्दापूर आमच्याच तालुक्यात, तेव्हा मुक्काम सोयगावी आमच्या घरी पडला. दिवसा लेणी आणि वेताळवाडीचा किल्ला, आणि रात्री जेवणे आटोपली की माडीवर चौघांची बैठक. आधी मला वाटले, पत्ते असतील. वर जाऊन पाहतो तो कागद, पेन्सिली आणि मी कधी न पाहिलेले फासे. एक चार बाजूंचा, एक आठ बाजूंचा, एक तर चक्क वीस बाजूंचा! एक मुलगा सूत्रधार होऊन गोष्ट सांगत होता. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली पात्रे होते, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. आपण आता काय करणार ते पात्राने सांगायचे, आणि ते जमले की फसले हे फाशाने ठरवायचे. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’.

मला झोप कमी. मी एका कोपऱ्यात बसून ऐकत राहिलो. त्या रात्री भाच्याच्या योद्ध्याला बैलाएवढ्या विंचवाने नांगी मारली. त्याच्या कागदावर एक आकडा होता, ५२. तो खोडून त्याने ४३ केला. या आकड्याला ते ‘हिट पॉइंट’ म्हणतात. हा शून्यावर आला की गडी आडवा. इथवर ठीक होते. मग भांडण जुंपले. एक मित्र म्हणाला, नऊ गुण गेले म्हणजे नांगी तेवढी आत घुसली, तेवढे मांस फाटले. भाचा म्हणाला, छे, गुण म्हणजे मांस नव्हे. योद्धा ऐन वेळी वाकला, घाव निसटता गेला, पण त्यात त्याचा दम आणि नशीब खर्च झाले. त्यावर तिसऱ्याने बिनतोड सवाल टाकला, “घाव लागलाच नसेल तर मग विष कुठून चढलं?”

सगळे माझ्याकडे वळले. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही डॉक्टर आहात. माणसाच्या अंगात हिट पॉइंट असतात का हो?”

मी हसून वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला तर पहिलाच पेशंट म्हणाला, “डॉक्टरसाहेब, अंगात दमच नाही राहिला. एक सलाईन लावून द्या.” माझ्या डोळ्यांसमोर ते ५२ आणि ४३ आले. वाचकहो, त्या मुलांचे भांडण पोरकट नव्हते. त्या भांडणात मी गेली पंचवीस-तीस वर्षे रोज उभा आहे, आणि एकदा त्याचे चुकीचे उत्तर देऊन बसलो आहे. ते पुढे सांगतो.

आधी खेळाविषयी. भाच्याकडून आणि नंतर स्वतः वाचून जे कळले ते असे. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी ही मंडळी शिशाच्या सैनिकांच्या लढाया टेबलावर खेळत. त्यात साध्या सैनिकाला एक घाव बसला की तो मेला, बाजूला ठेवा. पण एका माणसाने एकच पात्र घेऊन त्याची गोष्ट जगायची ठरवली आणि पहिल्याच घावाला ते पात्र गेले, तर खेळणाऱ्याचा विरस होणारच. आर्नसनने यावर तोड काढली. त्याने आरमारी लढाईचा एक खेळ पूर्वी केला होता. अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांचा. एक गोळा लागला म्हणून जहाज बुडत नाही, इतके गोळे सोसते, असा त्यात हिशेब होता. तो हिशेब त्याने माणसाला लावला. म्हणजे हा आकडा मुळात लोखंडासाठी जन्मला!

माणूस लोखंड नव्हे हे गायगॅक्सला ठाऊक होते. १९७९ मध्ये सूत्रधारासाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने स्पष्टच केले की मुरलेला योद्धा नवख्याच्या अनेक पटींनी घाव अंगावर घेऊ शकतो असे मानणे हास्यास्पद आहे. त्याच्या मते या आकड्यात शरीराची सोसण्याची ताकद थोडी. बाकी सारे कसब, अनुभव, आतून येणारी सावधगिरी, नशीब आणि देवाची कृपा. जो वार नवख्याच्या काळजात गेला असता तो मुरलेल्याला निसटता लागतो. आकडा कमी होतो तो या राखीव साठ्यातला. प्रत्यक्ष जिवावरचा घाव शेवटचाच.

हे वाचले आणि मला वाटले, हे तर आपली आजी सांगायची. झाडावरून पडलेले पोर खरचटण्यावर सुटले की ती म्हणायची, जिवावरचं शेपटीवर निभावलं. पाल शेपूट टाकून पळते, तसे. कुणी मोठ्या अपघातातून उठला की आपण म्हणतो, दैव बलवत्तर, आयुष्याची दोरी बळकट. गायगॅक्सने ज्याला आकडा दिला त्याला मराठीत कधीच शब्द होता. फक्त शेपूट किती वेळा टाकता येते हे आजीने सांगितले नव्हते.

खेळातले मरण-जगणेही आपल्याला नवे नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर हुतूतू, म्हणजे कबड्डी, चाले, आणि मैदानात उतरण्याआधी तंटा असायचा तो कुठल्या पद्धतीने खेळायचे याचा. संजीवनी पद्धतीत समोरचा गडी मेला की आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन आत येतो. गामिनीत मेलेला तो मेला, सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेर बसायचे. अमर पद्धतीत तर मरणच नाही, गुण द्यायचा आणि खेळत राहायचे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली. आज सामने होतात ते संजीवनीचे. मी सांगतो, माझ्याकडे येणारे नव्वद टक्के लोक मनातून संजीवनी खेळत असतात. आज गेलेले उद्या परत येणार, अशी त्यांची खात्री असते. शरीर मात्र बऱ्याच बाबतीत गामिनी खेळते.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. माणसाच्या अंगात हिट पॉइंट असतात का? असतात. आमच्या शास्त्रात त्याला राखीव क्षमता म्हणतात, आणि ती गायगॅक्सने सांगितल्यासारखीच वागते. निसर्गाने प्रत्येक अवयव रोजच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त देऊन ठेवला आहे. एक मूत्रपिंड मुलाला देऊन आई वर्षानुवर्षे धडधाकट राहते. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून साधारण निम्मे काम गेले तरी रक्तातले क्रिएटिनीन फारसे हलत नाही. रक्ताचेही तसेच. मोठ्या माणसाच्या एकूण रक्तापैकी पंधरा टक्क्यांपर्यंत वाहून गेले तर नाडीतही धड फरक पडत नाही. तीस टक्क्यांपर्यंत नाडी पळते पण रक्तदाब टिकून असतो, आणि त्यापुढे मात्र तो घसरतो. लहान मुलात तर तो शेवटपर्यंत ताठ उभा राहतो आणि मग भिंत कोसळावी तसा कोसळतो. जुलाब होणाऱ्या पोराची आई सांगते, “सकाळी तर खेळत होता हो.” ती खोटे बोलत नाही. तो खेळतच होता.

कापूस वेचणाऱ्या बायांचे हिमोग्लोबिन मी सहा-सात ग्रॅमवर पाहिले आहे. बारा हवे तिथे सहा. आणि ती बाई दिवसभर वेचणी करून, डोक्यावर गाठोडे घेऊन, घरी जाऊन भाकरी थापते. हळूहळू झालेल्या पांढुरकीला शरीर जुळवून घेते, हृदय जास्त पळते, भागते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक घरांतली बाई अर्ध्या-पाऊण आकड्यावर संसार ओढते आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते बाळंतपणात, जेव्हा दुसरीला सहज सोसवला असता एवढा रक्तस्राव हिला सोसवत नाही.

या खेळातली एक गोष्ट समीक्षकांना खटकते असे भाचा म्हणाला. ५२ गुणांचा योद्धा एका गुणावर आला तरी तेवढ्याच जोराने तलवार चालवतो, तेवढाच धावतो. शून्यावर एकदम पडतो. त्यांना हे अवास्तव वाटते. मला मात्र खेळातला हाच भाग सगळ्यात खरा वाटला. दुखते, लंगडतो, हे सगळे असतेच. पण माणूस कामाला उभा आहे एवढ्यावरून त्याच्या कागदावर किती उरले हे कुणालाही सांगता येत नाही. डॉक्टरलाही नाही. फरक एवढाच की मुलांच्या हातात तो कागद होता आणि माझ्याकडे नव्हता.

आता ती गोष्ट. १९९९ सालचा श्रावण-भादवा असेल. मला दवाखाना टाकून फार वर्षे झाली नव्हती. बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ मध्ये. त्याआधी बोंडअळीसाठी कपाशीवर एका हंगामात फवाऱ्यांवर फवारे बसत. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारा मारणारा, साधारण माझ्याच वयाचा एक गडी संध्याकाळी माझ्याकडे आला. “साहेब, डोकं लई दुखतंय. मळमळतंय. एक बाटली लावून द्या, सकाळी परत जायचंय.” मी उन्हाचा त्रास समजलो. सलाईन लावले, मळमळीचे इंजेक्शन दिले. तासाभराने तो ताजातवाना होऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी बरा होऊन, स्वतःच्या पायांनी चालत गेला. चौथ्या दिवशी त्याला खाटेवर घालून आणला. तोंडाला फेस, घामाने निथळलेला, मांड्यांचे स्नायू कातडीखाली वळवळत होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपाटातल्या अ‍ॅट्रोपिनच्या सगळ्या कुप्या त्याला दिल्या आणि जीपमध्ये घालून त्याच्याबरोबर मोठ्या गावच्या दवाखान्यात गेलो. तिथे तो अडीच आठवडे होता. वाचला. त्याची बायको माझ्या पाया पडायला आली, तेव्हा मला तोंड लपवावेसे वाटले.

तीन संध्याकाळी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या पाहायला मला प्रत्येकी दहा सेकंद लागली असती. मी पाहिल्या नाहीत, कारण तो चालत आला होता. सलाईनने त्याला बरे का वाटले? एक तर घामाने गेलेले पाणी भरून निघाले. दुसरे म्हणजे पाठीवर पंप न घेता तो तासभर पंख्याखाली पडून राहिला. जे मुळात कमी होत होते त्यात सलाईनने एका गुणाचीही भर पडली नाही.

काय कमी होत होते ते सांगितले पाहिजे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, अ‍ॅसिफेट ही ज्या घराण्यातली आहेत त्या ऑरगॅनोफॉस्फरस औषधांची ही तऱ्हा. (विषाला आपण ‘औषध’ म्हणतो आणि माझ्या गोळ्यांनाही औषध, हा एक वेगळाच घोटाळा आहे.) आपली मज्जातंतूची तार स्नायूला, लाळेच्या ग्रंथीला, आतड्याला निरोप देते तो एका रसायनाच्या द्वारे. निरोप पोचला की तो लगेच पुसावा लागतो, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील आणि लाळ वाहतच राहील. पुसण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम करते. हे विष त्या एन्झाइमचा हात धरून ठेवते. पण निसर्ग उदार. गरजेपेक्षा पुसणारे हात आपल्याकडे कितीतरी जास्त आहेत. त्यामुळे साठा हळूहळू उतरत असेल तर तो साधारण निम्म्यावर येईपर्यंत पुष्कळांना काहीच जाणवत नाही. मग डोकेदुखी, मळमळ, नजर अंधुक, जुलाब. आणि पंचमांशाच्या आसपास उरले की श्वास घेण्याचे स्नायूच थकून थांबतात.

त्या रात्री माडीवर जो सवाल टाकला गेला होता, घाव लागला नाही तर विष कुठून चढले, त्याचे हे उत्तर. घाव लागायची गरजच नसते. विष ओल्या सदऱ्यातून पाठीच्या कातडीत जाते, हातावरून विडीत जाते, वाऱ्याबरोबर नाकात जाते. माणसाला एक ओरखडा नसतो आणि कागदावरचा आकडा उतरत असतो.

खेळाचा आणि माझा वाद आहे तो आकडा पुन्हा भरण्यावरून. २०१४ पासूनच्या नियमांत आठ तासांची विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट परत! रात्री एकावर झोपा, सकाळी ५२ वर उठा. भाच्याने सांगितले तेव्हा मी त्याला म्हटले, हा नियम आमच्या तालुक्यातल्या कुणीतरी लिहिलेला दिसतो. कारण रोजाने फवारा मारणारा प्रत्येक गडी हेच मानतो. रात्री अंघोळ, जेवण, झोप, सकाळी बरे वाटले म्हणजे भरले. पण त्याच खेळाच्या १९७९ च्या पुस्तकात नियम वेगळा होता. विश्रांतीच्या एका दिवसाला एक गुण. आणि इथे मी खरोखर थक्क झालो. तांबड्या रक्तपेशीवरचे कोलिनेस्टरेज एकदा विषाने पक्के बांधले की त्या पेशीवर ते नव्याने तयार होत नाही. ती पेशी मरून नवी यावी लागते. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस. म्हणजे साठा भरतो तो दिवसाला सुमारे एक टक्का. शंभर गुणांचा माणूस आणि दिवसाला एक गुण! गायगॅक्सला कपाशी ठाऊक असण्याचे कारण नाही, पण जुना नियम त्याने आमच्या बाजूने लिहिला होता. प्लाझ्मातले, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातले कोलिनेस्टरेज याहून लवकर भरते, तरी त्यालाही काही आठवडे लागू शकतात. एका रात्रीत दोन्ही भरत नाहीत.

समजा एखाद्याचे दिवसाला दहा गुण गेले आणि एक भरला. चार दिवस सलग फवारा मारला तर तो चौसष्टवर आहे आणि त्याला काही होत नाही आहे. पाचव्या दिवशी वारा फिरला, पंप गळका निघाला, की तो निम्म्याखाली. लोक म्हणतात, “कालपर्यंत ठणठणीत होता. आज औषधच जहाल असेल.” औषध कालचेच होते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती आणि फवारा तोंडासमोर उडत होता. तिथल्या सगळ्याच औषधांचा मार्ग कोलिनेस्टरेजचा नव्हता. अनेक औषधे एकत्र कालवली जात होती हे नाकारून चालणार नाही. पण त्या बातम्या वाचताना मला राहून राहून एकच प्रश्न पडे. यांच्यातले किती जण आदल्या संध्याकाळी कुणा डॉक्टरकडे चालत गेले असतील आणि बाटली लावून परत आले असतील?

बीटी आल्यावर बोंडअळीचे फवारे काही वर्षे कमी झाले हे खरे. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आहेतच. गुलाबी बोंडअळीही बीटीला सरावली. पंप पाठीवरून उतरलेला नाही. फक्त आता तो चार्जिंगचा आहे आणि एका दिवसात जास्त एकर उरकतो.

माझे म्हणणे काय ते सांगतो. हिट पॉइंट म्हणजे ताकद नव्हे, मांस नव्हे, रक्तही नव्हे. न उलटणारा घाव आपल्यापासून किती दूर आहे त्याचे ते अंतर आहे. हे अंतर अंगात बसून कळत नाही, बाहेरून मोजावे लागते. आणि मोजायचे तर कागदावर दोन आकडे लागतात. मुलांच्या कागदावर ते शेजारी शेजारी होते. पूर्ण किती आणि आत्ता किती. आम्ही डॉक्टर फक्त ‘आत्ता किती’ तपासतो. कोलिनेस्टरेजच्या बाबतीत तेवढे उपयोगाचे नाही, कारण माणसामाणसांत मूळ आकडा फार वेगळा असतो. एखाद्याचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि तो स्वतःच्या मूळ आकड्याच्या निम्म्यावर असू शकतो. दुसऱ्याचा लिव्हरच्या दुखण्याने आधीच कमी असतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हे ओळखले. ही विषे नियमित हाताळणाऱ्या शेतकामगाराचा मूळ आकडा काम सुरू होण्याआधी नोंदवायचा आणि पुढे ठरावीक काळाने तपासत राहायचे, असा नियम तिथे १९७४ पासून आहे. मूळच्या ८० टक्क्यांखाली आला तर मालकाने कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशीतला ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातला ६० टक्क्यांवर उतरला तर कामगाराला त्या कामावरून हटवायचे, आणि दोन्ही पुन्हा ८० टक्क्यांवर आल्याशिवाय लावायचे नाही. १९७४ हे साल आकड्यांचेच असावे. त्याच वर्षी तो खेळ आला, आणि बेशुद्धीची खोली मोजणारी ग्लासगो कोमा स्केलही त्याच वर्षीची. तिच्यात पंधरापैकी गुण देतात आणि किमान गुण तीन. मेलेल्या माणसालाही तीन मिळतात! आमच्या हिशेबात शून्यच नाही, याचे विद्यार्थिदशेत आम्हाला फार हसू यायचे.

आपल्याकडे जून महिन्यात बैलांना लस टोचली जाते. फवारा मारणाऱ्या मजुराचा एक आकडा तालुक्याच्या ठिकाणी सरकारी खर्चाने नोंदवून ठेवणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. बाहेर ही तपासणी एका दिवसाच्या मजुरीहून महाग पडते. मजूर ती स्वतःच्या खिशातून करणार नाही, आणि ज्याच्या शेतात तो मारतो तो तर नाहीच नाही. माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, आधी हातमोजे आणि मास्क तरी वापरू द्या, मग आकडे. बरोबर आहे. पण भाद्रपदातल्या दमट उन्हात रबरी कपडे घालून पंप ओढून पाहा म्हणजे ते का वापरले जात नाहीत हे कळेल.

तोवर जे हातात आहे ते करावे. वाऱ्याच्या उलट दिशेने तोंड करून मारू नये. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. पंप गळत असेल तर त्या दिवशी काम बंद. दुपारी भाकरी खाण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि संध्याकाळी घरात शिरण्याआधी कपडे बदलून साबणाने अंघोळ करावी. ते कपडे पोराबाळांच्या कपड्यांत धुऊ नयेत. एकाच गड्याने रोज मारण्याऐवजी पाळी लावावी. डोके दुखून मळमळ सुटली, नजर अंधुक झाली, तोंडाला पाणी सुटू लागले, तर दूध-तूप पाजत बसू नये आणि सलाईनही मागू नये. डबा किंवा त्याचे लेबल घेऊन थेट दवाखान्यात यावे, आणि डॉक्टरला बाहुल्या पाहायला सांगावे. त्याला राग आला तर येऊ द्या.

आणि सलाईनविषयी एकदा स्पष्ट सांगून टाकतो. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, शंभरएक कॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत त्याहून जास्त असतात. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर एकही कॅलरी नाही. ज्याच्या अंगातले पाणी गेले आहे आणि ज्याला तोंडाने घेता येत नाही त्याला ते जीवदान आहे. बाकीच्यांना ती महागडी संजीवनी कबड्डी आहे. आम्ही डॉक्टर हे जाणतो आणि तरी लावतो, कारण नाही म्हटले तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो. मीही लावली आहेत. किती, ते मोजलेले नाही.

दिवाळीनंतर भाच्याने मला एक कागद टपालाने पाठवला. त्याच्या खेळातल्या पात्राच्या कागदासारखा, पण मराठीत आखलेला. नाव, गाव, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, कोलिनेस्टरेज. मधोमध दोन चौकोन, ‘पूर्ण’ आणि ‘आत्ता’. मी त्याच्या शंभर प्रती काढून ठेवल्या आहेत. यंदा पेरण्या उरकत आल्या तसे रोजाने फवारा मारणाऱ्या तिघांना बोलावून समजावले, रक्त तपासायचा खर्च मी करतो म्हणालो. त्यांच्यातल्या सगळ्यात तरुणाने कागद नीट पाहिला आणि विचारले, “साहेब, माझा आकडा जास्त आला तर जास्त दिवस मारता येईल का?” मी म्हटले, “नाही रे बाबा, तो खर्चायला नाही.” त्याला ते पटलेले दिसले नाही. दोघांचे रक्त शनिवारी गेले. तो म्हणाला, पोळा झाल्यावर बघू. पोळ्यापर्यंत कपाशीला दोन-तीन फवारे होऊन गेलेले असतात.